टेनेसी नदीकाठची एक उपेक्षित ध्वनिमुद्रिका

1969 सालच्या मे महिन्यात, अमेरिकेतील तरुण पिढीच्या संगीताकडे साऱ्या जगाचे कान लागून राहिले असताना, सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेला एक पंचविशीच्या उंबरठ्यावरचा गायक अलाबामा राज्यातील शेफील्ड या लहानशा गावी येऊन दाखल झाला, आणि तेथील व्यावसायिक वादकांच्या संगतीने त्याने नऊ गीतांची एक ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. गायकाचे नाव बॉझ स्कॅग्ज; ध्वनिमुद्रिकेचेही नाव तेच. ॲटलांटिक या मातब्बर कंपनीने ती त्याच वर्षी बाजारात आणली, आणि गिऱ्हाइकाने तिच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. गायकाचा आणि कंपनीचा संबंध तेवढ्यावरच आटोपला. पुढची ध्वनिमुद्रिका त्याने दुसऱ्या कंपनीकरिता केली.

आज अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर या कृतीचा उल्लेख होतो तो बहुधा दोनच निमित्तांनी. एक तर तिच्यात बारा मिनिटांहूनही लांबलेले एक ब्लूज गीत आहे, आणि त्यात ड्वेन ऑलमन या अल्पायुषी वादकाने जी गिटार वाजवली तिची कीर्ती मूळ गीतापेक्षा मोठी झालेली आहे. दुसरे असे की 1976 साली याच स्कॅग्ज यांनी ‘सिल्क डिग्रीज’ नावाची अत्यंत लोकप्रिय ध्वनिमुद्रिका दिली, त्यामुळे आधीचे सारे काम त्या यशाची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाऊ लागले. या दोन मोठ्या कीर्तींच्या कात्रीत मूळ कृती सापडली, आणि ती सलगपणे, पहिल्या गीतापासून नवव्या गीतापर्यंत, स्वतःच्या गुणांवर ऐकण्याची रीतच पडली नाही. माझ्या मते सोल आणि ब्लूज या दोन कृष्णवर्णीय परंपरांचे संस्कार रॉक संगीतात इतक्या समतोलाने उतरल्याची उदाहरणे फारच थोडी आहेत. आणि हा समतोल साधला तो गायकाने आपले नाव मुखपृष्ठावर असतानाही स्वतःला त्या मुलखातील कारागिरांच्या पूर्णपणे स्वाधीन केले म्हणून.

त्या मुलखाची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे, कारण त्याच्यावाचून ही कृती संभवतच नव्हती. अलाबामाच्या वायव्य कोपऱ्यात टेनेसी नदीच्या दोन्ही काठांवर फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स अशी चार गावे एकमेकांना लागून वसलेली आहेत, आणि संगीताच्या जगात या चारही गावांना मिळून मसल शोल्स याच एका नावाने ओळखतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात येथे नदीवर विल्सन धरणाचे काम सुरू झाले, आणि 1933 मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाने ते पुढे आपल्या ताब्यात घेतले. याच प्राधिकरणाच्या नमुन्यावर आपल्याकडे 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले, आणि त्या योजनेची आखणी चालू असताना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा कारभार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होता, हे मराठी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. या चार गावांपैकी टस्कंबिया ही हेलन केलर यांची जन्मभूमी. फ्लॉरेन्स हे तर डब्ल्यू. सी. हँडी यांचे गाव; त्यांचा जन्म 1873 चा, आणि लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या ब्लूज गीतांना कागदावर स्वरलिपीत बांधून छापील रूपाने देशभर पोहोचवणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांची गणना होते. एल्व्हिस प्रेस्लीला प्रथम पुढे आणणारे सॅम फिलिप्स हेही फ्लॉरेन्सचेच. एवढ्याशा टापूत इतके संगीत कोठून आले याचा उलगडा आजवर कोणी समाधानकारकपणे केलेला नाही. नदी, कापसाची शेते आणि गोऱ्याकाळ्या दोन्ही समाजांची प्रार्थनामंदिरे यांचा निर्देश करून बहुतेक लेखक थांबतात, आणि मीही तेथेच थांबतो.

या मुलखात रिक हॉल नावाच्या एका जिद्दी गृहस्थाने ‘फेम’ हा स्टुडिओ चालवला होता, आणि त्याच्या पदरी जी वाद्यवृंदाची तुकडी होती तीत रॉजर हॉकिन्स यांचे ड्रम, डेव्हिड हूड यांची बास गिटार, जिमी जॉन्सन यांची ताल धरणारी गिटार आणि बॅरी बेकेट यांचे पियानो व ऑर्गन अशी चौघांची जोडणी पुढे पक्की झाली. हे चौघेही गोरे. जेथे राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस 1963 साली विद्यापीठाच्या दारात उभा राहून काळ्या विद्यार्थ्यांची वाट अडवतो, त्याच राज्यात, त्याच दशकात, या गोऱ्या मुलांच्या साथीवर विल्सन पिकेट आणि अरेथा फ्रँकलिन यांच्यासारखे थोर कृष्णवर्णीय गायक आपली उत्तमोत्तम गीते मुद्रित करीत होते, ही गोष्ट केवळ संगीताच्या नव्हे, त्या देशाच्या सामाजिक बखरीतही नोंदवून ठेवण्याजोगी आहे. 1969 च्या वसंतात या चौघांनी हॉल यांची चाकरी सोडली आणि शेफील्डमधील जॅक्सन हायवेवरील 3614 क्रमांकाच्या एका बसक्या, दगडी दर्शनी भागाच्या इमारतीत स्वतःचा स्टुडिओ थाटला. या इमारतीत पूर्वी शवपेट्यांचे दुकान होते. भांडवलाची तजवीज ॲटलांटिकचे जेरी वेक्सलर यांच्या साहाय्याने झाली. हेच ते वेक्सलर, ज्यांनी 1949 मध्ये एका व्यापारी साप्ताहिकात नोकरीस असताना कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव रूढ केले. नव्या स्टुडिओत पहिली ध्वनिमुद्रिका शेर या गायिकेची झाली, आणि तिच्या पाठोपाठ स्कॅग्ज येऊन पोहोचले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्स येथे तीन दिवस मुक्काम करून तीन गीते मुद्रित करून गेले, आणि मग या जागेचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु मे महिन्यात ही मंडळी आपल्या नव्या कारखान्यात नुकतीच स्थिरस्थावर होत होती, आणि त्या नवेपणाचा उत्साह या ध्वनिमुद्रिकेच्या प्रत्येक गीतात ऐकू येतो.

ज्या वाचकांचा या संगीताशी परिचय नाही त्यांच्यासाठी ब्लूज आणि सोल यांचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ब्लूजचा ठरीव साचा बारा आवर्तनांचा असतो. चार मात्रांचे एक आवर्तन धरले तर प्रत्येक कडवे अठ्ठेचाळीस मात्रांचे होते, आणि त्याचे चार-चार आवर्तनांचे तीन भाग पडतात: पहिल्या भागात गायक एक ओळ म्हणतो, दुसऱ्यात बहुधा तीच ओळ पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्यात तिचे उत्तर किंवा पर्यवसान सांगतो. खाली स्वरसंघात केवळ तीन: एक षड्जावर उभारलेला, एक मध्यमावर, एक पंचमावर. या अल्प सामग्रीतून विलक्षण आशय निर्माण होतो याचे कारण असे की ब्लूज गायकाचा गांधार धड कोमल नसतो आणि धड शुद्धही नसतो. तो त्या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत हेलकावत राहतो, आणि निषादाचीही तीच गत असते. श्रुतींचा विचार ज्यांच्या कानाला सवयीचा आहे, अशा आपल्या श्रोत्याला हे मर्म पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षाही लवकर कळावे असे मला नेहमी वाटत आले आहे. शिवाय प्रत्येक ओळ गाऊन झाल्यावर चार आवर्तनांपैकी जवळजवळ अर्धा भाग मोकळा राहतो, आणि त्या मोकळ्या जागेत वाद्याने गायकाला उत्तर द्यायचे असते. ब्लूजमधील गिटार ही गायकाची संवादिनी असते. या संवादाची उंची ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात ते गीत थोर ठरते.

सोल हे या ब्लूजचे आणि चर्चमधील भक्तिगीतांचे अपत्य. रे चार्ल्स, सॅम कुक यांनी पन्नाशीच्या दशकात त्या भक्तिगीतांची आर्तता लौकिक प्रेमाच्या शब्दांत ओतली, आणि साठीच्या दशकात मेम्फिस व मसल शोल्स येथील स्टुडिओंनी त्या आर्ततेला एक शिस्तबद्ध रचना दिली. ब्लूजमध्ये एकट्या माणसाला मोकळीक असते. सोलमध्ये प्रत्येकाची जागा मुक्रर केलेली असते. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन नेमक्या दोन-तीन स्वरांचे तुकडे नेमक्या क्षणी फेकतात, ड्रमवाला एकाही जास्तीच्या आघाताचा मोह धरीत नाही, आणि शाहिराच्या मागे उभे राहून झीलकऱ्यांनी शब्द उचलून धरावा त्याप्रमाणे मागे उभ्या स्त्रियांचा गट मुख्य गायकाची ओळ उचलतो, तिला दुजोरा देतो, कधी तिच्यापुढेही धावतो. या ध्वनिमुद्रिकेत त्या गटात जिनी ग्रीन आणि डॉना थॅचर या गायिका आहेत. यांतील थॅचर पुढे डॉना जीन गॉडशॉ या नावाने ‘ग्रेटफुल डेड’ या विख्यात संघाच्या गायिका झाल्या.

अशा या शिस्तीच्या जागी स्कॅग्ज कसे येऊन पोहोचले हे पाहण्याजोगे आहे. त्यांचा जन्म 1944 साली ओहायो राज्यात झाला, बालपण ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये गेले, आणि डॅलसच्या शाळेत असताना स्टीव्ह मिलर या सहाध्यायाशी त्यांची संगीताच्या द्वारा मैत्री जडली. पुढे युरोपात भ्रमंती करताना ते स्वीडनमध्ये राहिले आणि तेथे 1965 मध्ये त्यांची एक छोटेखानी ध्वनिमुद्रिकाही निघाली. 1967 मध्ये मिलर यांच्या बोलावण्यावरून ते सॅन फ्रान्सिस्कोला आले, त्यांच्या संघाच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांत त्यांनी भाग घेतला, आणि नंतर ते वेगळे झाले. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाचे सहसंस्थापक यान वेनर यांनी त्यांच्यासाठी ॲटलांटिककडे शब्द टाकला, आणि निर्मितीची जबाबदारी वेनर, मार्लिन ग्रीन आणि स्वतः स्कॅग्ज अशा तिघांनी वाटून घेतली. वेनर यांचा वकूब संपादनाचा होता. मुलखाची खरी जाण ग्रीन यांना होती, कारण 1966 मध्ये पर्सी स्लेज यांचे जे अजरामर प्रेमगीत याच शेफील्डमध्ये मुद्रित झाले, त्याच्या निर्मात्यांपैकी ते एक होते.

सॅन फ्रान्सिस्कोत त्या काळी संगीताचा कल विस्ताराकडे होता: लांबलचक वाद्यवादन, ध्वनींचे चमत्कार, स्वप्नवत शब्दकळा. त्या वातावरणातून आलेला तरुण गायक पहिल्या स्वतंत्र संधीचा विनियोग स्वतःचे वेगळेपण ठासून सांगण्यासाठी करील अशी कोणाचीही अपेक्षा असणार. स्कॅग्ज यांनी नेमके याच्या उलट केले. त्यांचा आवाज वस्तुतः फार मोठा नाही. ओटिस रेडिंग किंवा विल्सन पिकेट यांच्या आवाजात जी खडी गर्जना आहे ती त्यांच्यापाशी मुळीच नाही. त्यांचा स्वर किंचित नासिकेतून येणारा, मऊ, उंच जागी जाताना थोडासा कातर होणारा आहे. कृष्णवर्णीय गायकांचे अनुकरण करताना त्या काळचे बहुतेक गोरे गायक घसा फोडून ओरडत, आणि त्यांत भावनेपेक्षा आटापिटाच अधिक ऐकू येई. स्कॅग्ज तो मार्ग धरीत नाहीत. आपल्या आवाजाच्या मर्यादा त्यांनी ओळखल्या आहेत, आणि स्वर सुरू करताना तो थोडा उशिरा, तालाच्या किंचित मागे रेलून टाकायचा, त्यामुळे आर्जव आपोआप उत्पन्न होते, हे सोलचे रहस्य त्यांनी आत्मसात केले आहे. याला मी गायकाचा फार मोठा विवेक समजतो.

पहिल्या बाजूवर सहा गीते आहेत आणि त्यांकडेच श्रोत्यांचे सर्वांत अधिक दुर्लक्ष झालेले आहे. ‘आय ॲम ईझी’ या सलामीच्या गीतात सुषिर वाद्यांचा ताफा पहिल्याच क्षणी आपला अंमल बसवतो आणि ही मैफल कोणत्या दरबारातली आहे ते जाहीर करतो. ‘आय विल बी लाँग गॉन’ मात्र अगदी निराळ्या प्रकृतीचे आहे, आणि सबंध ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत परिपूर्ण गीत कोणते असे मला कोणी विचारले तर मी, त्या सुप्रसिद्ध दीर्घ गीताचे सारे ऋण मान्य करूनही, याच गीताकडे बोट दाखवीन. निरोपाचे हे गीत आहे. बेकेट यांचा ऑर्गन खाली एका जागी स्थिर राहतो, हूड यांची बास गिटार इतके मोजके स्वर उच्चारते की प्रत्येक स्वराची वाट पाहावी लागते, आणि गायक जाण्याची भाषा बोलत असताना संगीत मात्र जागचे हलत नाही. शब्द आणि लय यांच्यातील हा विरोध गीताचा प्राण आहे. हॉकिन्स यांच्या ड्रमवादनाचे सौंदर्य ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने हे गीत एकदा केवळ ड्रमकडे लक्ष देऊन ऐकावे. जेथे दुसरा कोणीही वादक भरणा करील तेथे ते थांबतात, आणि त्या थांबण्याने पुढच्या आघाताला जे वजन प्राप्त होते ते कोणत्याही हस्तकौशल्याने प्राप्त झाले नसते.

‘अनदर डे’ हे पत्राच्या प्रतीक्षेचे गीत छोटे आणि घाटदार आहे. ‘नाऊ यू आर गॉन’ आणि ‘लुक व्हॉट आय गॉट’ यांत दक्षिणेतील गोऱ्या शेतकऱ्यांच्या कंट्री संगीताची छटा उघडपणे येते. या छटेबद्दल दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कंट्री हे गोऱ्यांचे आणि सोल हे काळ्यांचे, अशी वाटणी ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाऱ्यांनी दुकानातील फळ्यांसाठी केली. वादकांच्या मनात ती तितकीशी कधीच नव्हती. मसल शोल्समधील वादक आठवड्याच्या शेवटी रेडिओवर दोन्ही संगीते ऐकत वाढले होते, आणि म्हणून एकाच गीतात फिडल आणि चर्चच्या धर्तीचा ऑर्गन शेजारी शेजारी बसले तरी त्यांत ओढूनताणून केलेली तडजोड जाणवत नाही. ‘फाइंडिंग हर’ या संथ गीतात ऑलमन यांची स्लाइड गिटार गायकाच्या मागे दूर अंतरावर तरळत राहते. पुढे येऊन चमकण्याची संधी असतानाही ती पुढे येत नाही, हे विशेष.

स्लाइड गिटार म्हणजे काय हे मराठी रसिकाला फार समजावून सांगण्याची गरज नाही. गिटारच्या पडद्यांवर बोटे दाबण्याऐवजी काचेची किंवा धातूची गुळगुळीत नळी तारेवरून सरकवली की स्वर तुटक न राहता एकातून दुसऱ्यात वाहू लागतो. आपली मींड ती हीच. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच तत्त्वावर गिटारवर रागसंगीत वाजवले, आणि 1967 मध्ये शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांची जी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली तिच्यामागे मराठी भावगीतांचे आद्य गायक आणि ध्वनिमुद्रण क्षेत्रातील थोर अधिकारी जी. एन. जोशी होते. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना ऑलमन यांच्या वादनाचे मर्म चटकन कळेल. ऑलमन हे सर्दीच्या औषधाची काचेची लहान बाटली बोटात घालून तारेवर सरकवीत.

दुसऱ्या बाजूचा प्रारंभ जिमी रॉजर्स यांच्या ‘वेटिंग फॉर अ ट्रेन’ या गीताने होतो. मिसिसिपीतील मेरिडियन गावचे रॉजर्स हे रेल्वेत ब्रेक सांभाळण्याची नोकरी करीत. क्षयाने ती नोकरी सुटली, गाणे मात्र राहिले, आणि 1928 मध्ये मुद्रित झालेले हे गीत त्या दशकाअखेरीच्या निष्कांचन, फिरत्या माणसांचे जणू निवेदनच ठरले. 1933 मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षापूर्वीच ते निवर्तले. गोऱ्या कंट्री संगीताचे जनक म्हणून ज्यांना मान मिळतो ते रॉजर्स स्वतः काळ्या मजुरांच्या ब्लूजवर पोसलेले होते. तेव्हा त्यांचे गीत येथे निवडण्यात, आणि ऑलमन यांनी डोब्रो या धातूच्या तबकडीच्या गिटारवर त्याला साथ देण्यात, फार मोठे औचित्य आहे. गीत तीन मिनिटांच्या आत संपते आणि मग ते दीर्घ गीत सुरू होते.

‘लोन मी अ डाइम’ हे गीत फेंटन रॉबिन्सन यांचे. मिसिसिपीतील ग्रीनवुड येथे 1935 मध्ये जन्मलेले हे गायक-वादक शिकागोत स्थायिक झाले होते, आणि 1967 मध्ये एका लहान कंपनीने त्यांचे हे गीत छोट्या तबकडीवर काढले होते. विषय अगदी साधा आहे. सार्वजनिक टेलिफोनला दहा सेंटचे नाणे लागे. त्या नाण्याला डाइम म्हणतात. आणि गीतातील माणसापाशी जुन्या प्रेयसीला हाक मारण्यापुरतेही ते नाणे नाही, म्हणून तो कोणाकडे तरी उसने मागत आहे. विरहावर हजारो ब्लूज गीते आहेत, परंतु विरह आणि दारिद्र्य या दोन्ही दुःखांना एका क्षुद्र नाण्यात एकत्र आणणारी कल्पना दुसरी माझ्या पाहण्यात नाही. रॉबिन्सन यांनी ती फार संयमाने, जवळजवळ कुजबुजत, थोड्या मिनिटांत सांगितली होती. स्कॅग्ज आणि त्यांच्या साथीदारांनी तिला विलंबित ख्यालाचा विस्तार दिला.

आरंभी लय इतकी संथ आहे की तिच्यात ताण आहे हेच प्रथम ध्यानात येत नाही. गायक एक ओळ म्हणतो आणि थांबतो. ऑलमन त्या थांबण्यात दोन-चार स्वर टाकतात, आणि तेही थांबतात. बेकेट यांची बोटे खाली पियानोवर आणि ऑर्गनवर हलकेच फिरत असतात. कडवी जसजशी पुढे जातात तसतशी सुषिर वाद्ये एकेक पायरी वर चढवतात, ड्रमचे आघात दाट होतात, गायकाचा स्वर आधीची मृदुता सोडून विनवणीच्या टोकाला पोहोचतो, आणि मग उत्तरार्धात सबंध वाद्यवृंद लय वाढवीत नेतो. या ठिकाणी ऑलमन यांची गिटार प्रथमच सर्वांच्या पुढे येते. तिच्या त्या विस्ताराची स्तुती आजवर इतकी झाली आहे की तीत भर घालण्याची आवश्यकता नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की ही गिटार एकाकी नाही. तिच्या प्रत्येक झेपेखाली हॉकिन्स यांनी जमीन धरून ठेवलेली आहे, हूड त्या जमिनीला हलवीत आहेत, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा सोलच्या शिस्तीने तिला वारंवार आवर घालून पुन्हा मोकळी सोडीत आहे. ब्लूजचे स्वातंत्र्य आणि सोलची शिस्त यांचा झगडा येथे अखेरपर्यंत चालतो आणि कोणाचाही पाडाव न होता गीत हळूहळू विरत जाते. ऑलमन तेव्हा बावीस वर्षांचे होते; आपल्या भावासह ऑलमन ब्रदर्स बँड हा संघ त्यांनी नुकताच स्थापन केला होता. 1971 च्या ऑक्टोबरात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, जॉर्जिया राज्यातील मेकन येथे मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा अंत झाला, आणि पुढल्या वर्षी त्यांच्या निवडक वादनाचा जो संग्रह निघाला त्यात हे गीत समाविष्ट झाले. बहुसंख्य श्रोत्यांनी ते तेथेच प्रथम ऐकले. एका अर्थी ही कृतज्ञता होती, पण तिच्यामुळे गीताची मूळ घरापासून ताटातूट झाली हेही खरे.

रॉबिन्सन यांच्याबाबत मात्र घडले ते गैरच होते आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजे. पहिल्या आवृत्तीवर या गीताचे कर्तृत्व स्कॅग्ज यांच्या नावे छापले गेले. रेडिओवर गीत वाजत होते आणि ज्याने ते रचले त्याच्या पदरी ना नाव पडत होते ना मानधन. कृष्णवर्णीय गीतकारांच्या हक्कांची नोंद दप्तरी नीट न होणे हा त्या व्यापाराचा जुनाट रोग होता, आणि त्याचा जमाखर्च अद्यापि पुरता मिटलेला नाही. कायदेशीर तंटा होऊन रॉबिन्सन यांचे नाव पुढे योग्य जागी आले, हीच त्यातली समाधानाची बाब. ध्वनिमुद्रिकेवरील माझ्या प्रेमाला या प्रकरणाचा डाग लागलेला आहे आणि तो पुसून टाकण्याची माझी इच्छा नाही.

‘स्वीट रिलीज’ या अखेरच्या गीताकडे, इतक्या मोठ्या गीतानंतर येत असल्यामुळे, श्रोता थकलेल्या कानांनी जातो. बेकेट आणि स्कॅग्ज यांची ही रचना चर्चच्या वळणाची आहे. ब्लूजमध्ये एकट्याने भोगलेले दुःख येथे समूहस्वराच्या ओटीत घातले जाते, आणि स्त्रियांचा गट गायकाला वर उचलून धरतो.

आता आवृत्तीविषयी. ‘सिल्क डिग्रीज’च्या यशानंतर, 1977 मध्ये, कंपनीने जुन्या मुद्रणाचे मिश्रण नव्याने करून घेतले आणि त्यात ऑलमन यांची गिटार अधिक पुढे आणली. अनेक वर्षे बाजारात तीच आवृत्ती चालली. ती ऐकण्यास सुखद आहे यात शंका नाही, परंतु वादकांच्या कीर्तीप्रमाणे त्यांचे आवाज लहानमोठे करण्याचा तो उद्योग मूळ कृतीच्या समतोलाला बाधक ठरला. 1969 च्या मूळ मिश्रणात गिटार, सुषिर वाद्ये आणि कंठस्वर एकमेकांत जसे मिसळलेले आहेत तसेच ते मिसळावेत असा त्या खोलीतील माणसांचा हेतू होता. अलीकडे मूळ मिश्रणही पुन्हा उपलब्ध झाले आहे. निवडीला वाव असेल तर वाचकांनी तेच निवडावे. आणि प्रथम पहिली बाजू सबंध ऐकावी, दीर्घ गीताची घाई करू नये. त्यानंतर फेंटन रॉबिन्सन यांनी 1974 मध्ये शिकागोच्या ॲलिगेटर कंपनीकरिता हेच गीत पुन्हा गायले आहे ते अवश्य मिळवावे. ज्या ध्वनिमुद्रिकेत ते आहे तिचे नावही ‘समबडी लोन मी अ डाइम’ असेच आहे, आणि तिच्यावर गीताचा कर्ता म्हणून रॉबिन्सन यांचे नाव छापलेले आहे.